मधला कोरा रकाना

२००३ साली बेथलेहेमलगतच्या बेत जाला या पॅलेस्टिनी गावी एक पातळशी शालेय पुस्तिका तयार झाली. विषय तीनच: १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा, १९४८ चे युद्ध आणि १९८७ साली पेटलेला पहिला इंतिफादा. पुस्तिका हिब्रूतही निघाली आणि अरबीतही. तिच्यात नवल वाटावे असे काही असेल तर ते पानाची मांडणी. पानाचे उभे तीन भाग केलेले. एका कडेच्या रकान्यात इस्रायली शिक्षकांनी लिहिलेला इतिहास, दुसऱ्या कडेच्या रकान्यात पॅलेस्टिनी शिक्षकांनी लिहिलेला इतिहास आणि मधला रकाना कोरा. तो विद्यार्थ्याने स्वतः भरायचा.

आपल्या शालेय पुस्तकांतही रिकाम्या जागा असतात, पण त्या धड्याच्या शेवटी, स्वाध्यायात. 'गाळलेल्या जागा भरा' असे म्हणताना गाळलेले काय आहे हे मास्तरांना आधीच ठाऊक असते. या पुस्तिकेतील रिकाम्या जागेचे उत्तर मास्तरांनाही ठाऊक नव्हते. १९४८ चे युद्ध एका रकान्यात 'स्वातंत्र्ययुद्ध' आणि दुसऱ्यात 'नकबा', म्हणजे महासंकट. बाल्फोरच्या पत्रातील सदुसष्ट शब्दांची घोषणा. एका रकान्यात ती दोन हजार वर्षांच्या आशेला मिळालेली पहिली मान्यता, दुसऱ्यात ती एका परक्याने दुसऱ्या परक्याला देऊन टाकलेली आमची भूमी. दोन्ही मजकूर समोरासमोर, सारख्याच टंकात, सारख्याच रुंदीत. मध्ये पांढरा कागद.

इस्रायली आणि पॅलेस्टिनी सामान्य जनांनी परस्परांशी समेट साधण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा इतिहास आता शंभर वर्षांचा झाला आहे. तो वाचताना आम्ही वारंवार या पानाशी येऊन थांबलो. या प्रयत्नांची थट्टा करणे सोपे आहे आणि त्यांचे गोडवे गाणे त्याहून सोपे. आम्हांला दोन्ही टाळायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: ज्यांनी मधला रकाना घाईने, गोड शब्दांनी भरला, त्यांचे काम पहिल्या वादळात वाहून गेले. ज्यांनी आधी दुसऱ्याचा रकाना संपूर्ण वाचून काढला, त्यांचे काम तगले. तगले म्हणजे जिंकले असे नव्हे. हा भेद वाचकांनी शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा.

०

शांततेच्या प्रयत्नांची कथा सांगणारे बहुधा १९९३ पासून, व्हाइट हाउसच्या हिरवळीवरील हस्तांदोलनापासून सुरुवात करतात. ते हस्तांदोलन राज्यकर्त्यांचे होते. राज्यकर्त्यांना वगळून पाहू गेल्यास आपल्याला १९२५ सालच्या जेरुसलेमला जावे लागते. त्या वर्षी 'ब्रित शालोम', म्हणजे शांतीचा करार, या नावाची एक छोटी मंडळी तेथे स्थापन झाली. आर्थर रुपिन, ह्यूगो बर्गमन, हान्स कोन, गेर्शोम शोलेम अशी विद्वानांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. हिब्रू विद्यापीठाचे पहिले कुलपती यहूदा माग्नेस आणि तत्त्वज्ञ मार्टिन बूबर हे त्याच विचाराचे. ज्यू आणि अरब यांचे समान हक्कांचे एक द्विराष्ट्रीय राज्य, संख्या कोणाची कितीही असो, ही त्यांची कल्पना होती.

मंडळी फार थोडी होती आणि बहुतेक मध्य युरोपातून आलेली, ग्रंथालयात रमणारी. तिला तळागाळातील चळवळ म्हणणे धाडसाचे होईल. समोरच्या बाजूला त्यांना भिडू मिळाला नाही हे दुसरे दुखणे. १९२९ च्या ऑगस्टमध्ये दंगली उसळल्या. एकट्या हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. त्याच गावातील काही अरब कुटुंबांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना घरांत दडवून वाचवले हेही तितकेच खरे. या घटनेनंतर हान्स कोन यांनी झायोनिस्ट चळवळच सोडली, इतरांपैकी अनेकांनी मंडळी सोडली, आणि तिसरे दशक उलटून थोडे दिवस जातात न जातात तोच ब्रित शालोमचा अस्त झाला.

या गटाचा भारताशी आलेला संबंध येथे नोंदवला पाहिजे. १९३८ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी 'हरिजन'मध्ये ज्यूंविषयी एक लेख लिहिला. जर्मनीतील ज्यूंनी सत्याग्रहाचा मार्ग धरावा आणि पॅलेस्टाइन हे अरबांचेच आहे, असे त्यात प्रतिपादन होते. १९३९ च्या आरंभी बूबर आणि माग्नेस या दोघांनी जेरुसलेमहून गांधीजींना उद्देशून पत्रे लिहिली. बूबर यांचा स्वर दुखावलेल्या चाहत्याचा आहे: नाझी छळछावण्यांची तुलना दक्षिण आफ्रिकेतील परिस्थितीशी होऊ शकत नाही असे ते सांगतात. मात्र अरबांचा हक्क ते नाकारत नाहीत. एकाच भूमीवर दोन न्याय्य दावे उभे आहेत, तेव्हा एकाने दुसऱ्याला खोटे न ठरवता वाट काढली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. गांधीजींचे उत्तर उपलब्ध नाही. आम्हांला या पत्रात त्या तीन रकान्यांच्या पानाचा पहिला आराखडा दिसतो.

१९४२ साली माग्नेस, बूबर आणि हेन्रिएटा सोल्ड यांनी 'इहूद', म्हणजे ऐक्य, ही संघटना काढली. तिच्या विचारांच्या मंडळींना अखेर अरब भिडूही मिळाला. फौजी अल-हुसैनी या जेरुसलेमच्या प्रतिष्ठित घराण्यातील गृहस्थाने १९४६ च्या नोव्हेंबरात समानतेच्या तत्त्वावर त्यांच्याशी लेखी करार केला. त्याच महिन्यात त्यांना ठार मारण्यात आले. मारणारे त्यांच्याच बाजूचे होते.

हा प्रघात पुढेही चालू राहिला. १० फेब्रुवारी १९८३ रोजी जेरुसलेममध्ये लेबनॉन युद्धाच्या विरोधातील मोर्चावर एका इस्रायली माणसाने हातबाँब फेकला आणि एमिल ग्रुन्झ्वाइग हा शिक्षक-कार्यकर्ता मरण पावला. दोनच महिन्यांनी पोर्तुगालमध्ये इसाम सर्तावी यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेत राहून इस्रायली शांतिवाद्यांशी उघडपणे बोलत असत. १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांनाही एका ज्यू तरुणानेच मारले. समेट करू पाहणाऱ्याचा पहिला शत्रू पुष्कळदा त्याच्या आळीतच राहतो, हा या शतकाचा एक धडा आहे.

०

१९४८ नंतर दोन समाजांमध्ये संवाद व्हावा अशी जागाच उरली नाही. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांच्या रिकाम्या घरांत युरोपातून आणि अरब देशांतून आलेले, स्वतःही परागंदा झालेले ज्यू राहू लागले. १९५० च्या 'अनुपस्थितांची मालमत्ता' कायद्याने त्या घरांची मालकी सरकारी अखत्यारीत गेली. 'अनुपस्थित' हा शब्द वाचकांनी निरखून पाहावा. त्या एका विशेषणात मधला रकाना एकतर्फी भरलेला आहे.

तेल अविवच्या आग्नेयेस रामला आणि लोद ही दोन जुळी गावे आहेत. मराठी वाचकांना ती परकी वाटू नयेत, कारण कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या वस्त्या पुढे याच गावांत झाल्या आणि तेथील काही घरांत अजून मराठी बोलली जाते. १९४८ च्या जुलैमध्ये इस्रायली सैन्याने ही गावे घेतली आणि ५० हजारांहून अधिक रहिवाशांना भर उन्हाळ्यात बाहेर घालवले. त्या आदेशावर सही होती इत्झाक राबिन या तरुण अधिकाऱ्याची. पुढे त्यांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला, तेव्हा इस्रायली सेन्सॉरने तो मजकूर कापला. १९७९ साली तो अमेरिकेतील एका वृत्तपत्रात छापून आला. कोरा रकाना असा कात्रीनेही तयार होतो.

रामला येथील एका घराची हकीकत सँडी टोलन या अमेरिकन पत्रकाराच्या 'द लेमन ट्री' (२००६) या पुस्तकामुळे जगभर पोहोचली. अहमद अल-खैरी यांनी हे घर १९३६ साली बांधले. १९४८ मध्ये ते कुटुंब हाकलले गेले तेव्हा मुलगा बशीर सहा वर्षांचा होता. त्याच वर्षी बल्गेरियातून एश्केनाझी हे ज्यू कुटुंब आले आणि ते रिकामे घर त्यांना मिळाले; त्यांची मुलगी दालिया तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. अंगणातील लिंबाच्या झाडाखाली ती वाढली. आधीचे लोक पळून गेले, एवढेच तिला सांगण्यात आले होते. एवढे सुरेख घर टाकून कोणी पळून का जाईल, हा प्रश्न मात्र तिला पडत असे.

१९६७ च्या युद्धानंतर सीमा पुसल्या गेल्या आणि बशीर आपल्या दोन चुलतभावांसह रामल्यास आला. एका भावाच्या घराच्या दारातून त्यांना हुसकावले गेले. बशीरच्या घराची घंटा वाजली तेव्हा दालिया एकटीच होती. तिने तिघांना आत घेतले. या आत घेण्याचे मोल समजण्यासाठी युद्ध संपून काही आठवडेच झाले होते हे लक्षात घ्यावे. पुढे बशीरचे वडील आले. त्यांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी भिंती चाचपल्या आणि लिंबाच्या झाडाला हात लावून ते उभे राहिले.

येथे कथा संपली असती तर ती एक सुंदर बोधकथा झाली असती. ती संपली नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत जेरुसलेममधील एका बाजारात स्फोट झाला, दोन विद्यार्थी ठार झाले, आणि त्या कटातील सहभागाबद्दल न्यायालयाने बशीर यांना दोषी ठरवले. ते पंधरा वर्षे तुरुंगात होते. दालियाने अनेक वर्षे संबंध तोडले. १९८५ मध्ये आईवडील गेल्यावर घर तिच्याकडे आले, तेव्हा तिने बशीर यांना शोधून काढले आणि घराचे काय करावे असे विचारले. रामल्याच्या अरब मुलांसाठी तेथे बालवाडी व्हावी, असे त्यांनी सुचवले. १९८८ च्या जानेवारीत पहिल्या इंतिफादाच्या आरंभी बशीर यांना हद्दपार करण्यात आले. त्या वेळी दालियाने वृत्तपत्रात अनावृत पत्र लिहून त्यांच्या कुटुंबावर १९४८ मध्ये झालेला अन्याय जाहीरपणे मान्य केला, हद्दपारीचा निषेध केला आणि हिंसेचा मार्गही तितक्याच स्पष्टपणे नाकारला. १९९१ साली त्या घरात 'ओपन हाउस' हे केंद्र सुरू झाले: अरब मुलांची बालवाडी आणि ज्यू व अरब तरुणांच्या भेटीगाठींची जागा. अंगणातील ते लिंबाचे झाड १९९८ मध्ये वठले.

दोघांचे राजकीय मत कधीच जुळले नाही. निर्वासितांच्या परतण्याच्या हक्कावरून बशीर तसूभर हलले नाहीत. इस्रायल राष्ट्र राहावे या आग्रहावरून दालिया हलल्या नाहीत. तरी घर दोघांचे आहे, हे दोघांनाही नाकारता आले नाही. आमच्या मते समेट या शब्दाची ही सर्वात प्रामाणिक व्याख्या आहे. त्यात मतैक्य नाही, क्षमा आहे की नाही तेही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या आठवणीला आपल्या घरात जागा आहे, इतकेच आहे.

०

असे एखादे घर अपवादाने घडते. अपवादाची संस्था करायला गेले की अडचणी सुरू होतात. जेरुसलेम आणि तेल अविव यांच्या मधोमध, लात्रून मठाच्या जमिनीवर, ब्रूनो हुसार या इजिप्तमध्ये जन्मलेल्या ज्यू वंशाच्या कॅथलिक धर्मगुरूने एका गावाची कल्पना मांडली. हिब्रूत 'नेवे शालोम', अरबीत 'वाहत अस-सलाम'. दोन्हीचा अर्थ शांतीचे मरुस्थान. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे पहिली कुटुंबे राहू लागली. ज्यू आणि पॅलेस्टिनी, सगळे इस्रायलचे नागरिक, जवळजवळ समसमान संख्येने. १९८४ साली त्यांनी द्विभाषिक प्राथमिक शाळा काढली. त्याआधीच, १९७९ पासून, दोन्ही समाजांच्या तरुणांसाठी 'शांतिशाळा' सुरू झाली होती.

शांतिशाळेची सुरुवातीची पद्धत त्या काळच्या मानसशास्त्राला धरून होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते की, योग्य परिस्थितीत माणसे एकमेकांना भेटली की पूर्वग्रह ओसरतो. मुले एकत्र आणावी, खेळवावी, आपण सारे माणसेच आहोत याचा प्रत्यय द्यावा. शांतिशाळेच्या चालकांना काही वर्षांत एक गोष्ट उमगली. ज्यू मुले भेटीहून समाधानाने परतत. अरब मुलांच्या मनात काहीतरी सलत राही. मैत्री झाली होती, पण ज्याविषयी बोलायला ती आली होती तो विषय मैत्रीच्या भरात बाजूला पडला होता. संभाषण बहुतेक हिब्रूत होई, कारण अरब मुलांना हिब्रू येत असे आणि ज्यू मुलांना अरबी येत नसे. खोलीबाहेरची विषमता अशी खोलीत येऊन बसली होती. यानंतर त्यांनी पद्धत बदलली. दोन व्यक्ती भेटतात ही कल्पना सोडून दोन समाज भेटतात असे धरले. भांडण होऊ दिले, भाषेचा प्रश्न टेबलावर आणला.

खुद्द गावाचीही एकदा कठोर परीक्षा झाली. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी लेबनॉनकडे सैनिक नेणारी दोन हेलिकॉप्टरे आदळून ७३ जण मरण पावले. त्यांत या गावात वाढलेला एक तरुण होता. गावाने त्याचे स्मारक करावे का, हा वाद सुरू झाला. ज्यू शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो गावाचा मुलगा होता. पॅलेस्टिनी शेजाऱ्यांनाही तो गावाचाच मुलगा होता, पण मेला तो त्या सैन्याच्या गणवेशात. मुलाचे दुःख सर्वांचे, गणवेशाचे स्मारक सर्वांचे नाही. गाव या वादात दुभंगता दुभंगता राहिले. शांततेच्या गावातही मधला रकाना आपोआप भरत नाही, हे त्या वर्षी दिसले.

ऑस्लो करारानंतर तर संवादाचा जणू हंगाम आला. १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारात 'जनतेकडून जनतेकडे' अशा कार्यक्रमाची रीतसर तरतूद होती आणि नॉर्वेच्या साहाय्याने तो राबवला गेला. युरोप-अमेरिकेतून पैसा आला. शिबिरे, नाट्यप्रयोग, संयुक्त वाद्यवृंद, फुटबॉल संघ. त्याच काळात वेस्ट बँकेतील ज्यू वसाहती थांबण्याऐवजी वाढत होत्या, नाके वाढत होते, आणि १९९४ पासून इस्रायली शहरांतील बसमध्ये आत्मघातकी स्फोट होत होते. संवादाची भाषा आणि रस्त्यावरील वास्तव यांची फारकत होत गेली. २००० च्या सप्टेंबरात दुसरा इंतिफादा पेटला. ऑक्टोबरच्या आरंभी उत्तर इस्रायलमधील अराबा गावात पोलिसांच्या गोळीने असील असलेह हा सतरा वर्षांचा मुलगा मरण पावला. तो 'सीड्स ऑफ पीस' या अमेरिकेतील शिबिराचा उत्साही सभासद होता आणि मृत्यूसमयी त्याच्या अंगात त्या शिबिराचा हिरवा सदरा होता. त्या वर्षानंतर बहुतेक संवाद-प्रकल्प बंद पडले.

०

आणि नेमक्या याच वेळी, जेव्हा कोणी कोणाचे तोंड पाहायला तयार नव्हते, तेव्हा ते तीन रकान्यांचे पुस्तक लिहिले जात होते.

ते लिहिवून घेणारे दोघे. दान बार-ऑन हे बेर शेवा येथील बेन गुरिअन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. जन्म १९३८, हायफा. जर्मनीत जाऊन नाझी गुन्हेगारांच्या मुलांच्या मुलाखती घेणारे ते पहिल्या काही इस्रायलींपैकी एक. पुढे त्यांनी त्या मुलांची आणि ज्यू-संहारातून वाचलेल्यांच्या मुलांची गाठ घालून दिली. दुसरे सामी अदवान, बेथलेहेम विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, इस्रायली तुरुंगवास भोगलेले. या दोघांनी १९९८ मध्ये एक संशोधन संस्था काढली आणि २००२ पासून सहा इस्रायली व सहा पॅलेस्टिनी शिक्षकांना, सोबत दोन इतिहासकारांना, एकत्र बसवले. संचारबंदी, नाके, परवाने यांमुळे शेजारच्या गावाहून येणाऱ्या शिक्षकाला अर्धा दिवस लागे. एक बैठक आणि दुसरी बैठक यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना माणसे मरत.

या शिक्षकांसमोर सोपा पर्याय होता: दोन्ही बाजूंना चालेल असा एक 'पूल बांधणारा' इतिहास लिहिणे. बार-ऑन आणि अदवान यांनी तो विचारपूर्वक नाकारला. युद्ध चालू असताना लिहिलेला एकत्रित इतिहास बलिष्ठाचाच इतिहास ठरेल, किंवा तो कोणाचाच नसेल, असे त्यांचे मत होते. म्हणून दोन रकाने. पण प्रत्येक गटाने दुसऱ्याचा मजकूर वाचायचा, प्रश्न विचारायचे, आणि मग आपला रकाना पुन्हा लिहायचा. मुक्काम आपल्या सत्यावरच, पण ते दुसऱ्याच्या देखत सांगायचे. आपले सत्य शेजाऱ्याच्या देखत सांगताना भाषा बदलते. हे कोणत्याही लेखकाला पटेल.

वर्गांत काय झाले? काही मुले संतापली. शत्रूचा प्रचार आम्हांला का शिकवता, असे दोन्ही बाजूंच्या मुलांनी विचारले. ज्यांचे आईबाप या वादात पोळले होते त्यांच्या घरून शिक्षकांना जाब विचारला गेला. आणि काही मुलांनी मधला रकाना भरला. दोन्ही बाजूंच्या शिक्षणखात्यांनी या पुस्तकाला वर्गात अधिकृत स्थान दिले नाही. २०१० मध्ये दक्षिण इस्रायलमधील एका शाळेत ते शिकवले जात असल्याचे उघड होताच खात्याने ते थांबवले. पॅलेस्टिनी खात्यानेही हात झटकले. २०११ साली इस्रायलच्या संसदेने असा कायदा केला की, स्वातंत्र्यदिन हा नकबाचा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थांचे सरकारी अनुदान कापता यावे. बार-ऑन २००८ मध्ये निवर्तले होते. संपूर्ण पुस्तक २०१२ साली इंग्रजीत निघाले. म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांच्या वर्गांत ते नाही, बाकीच्या जगाच्या ग्रंथालयांत आहे.

०

पुस्तक खात्याला बंद करता येते. शोक बंद करता येत नाही. म्हणून या क्षेत्रातील सर्वात चिवट काम शोकाकुलांनी केले आहे असे आम्हांला वाटते.

इत्झाक फ्रँकेन्थाल हे धार्मिक वृत्तीचे इस्रायली गृहस्थ. १९९४ च्या जुलैमध्ये त्यांचा सैनिक मुलगा आरिक याला हमासने पळवून ठार मारले. पुढच्या वर्षी त्यांनी मुले गमावलेल्या आईबापांचे मंडळ स्थापन केले. १९९८ पासून गाझातील शोकग्रस्त कुटुंबांशी भेटी सुरू झाल्या. आज या मंडळात दोन्ही बाजूंची कित्येक शेकडा कुटुंबे आहेत. सभासदत्वाची अट अशी की, कोणीही सभासद व्हावे असे कोणालाच वाटत नाही.

रामी एल्हानन यांची मुलगी स्मदार हिचा चौदावा वाढदिवस तोंडावर आला होता. ४ सप्टेंबर १९९७ रोजी जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावरील आत्मघातकी स्फोटात ती गेली. बस्साम अरामिन यांनी सतराव्या वर्षी तुरुंगात पाऊल टाकले आणि तेथे सात वर्षे काढली. २००५ मध्ये ते शस्त्र खाली ठेवलेल्या दोन्ही बाजूंच्या लढवय्यांच्या संघटनेचे एक संस्थापक झाले. २००७ च्या जानेवारीत त्यांची दहा वर्षांची मुलगी अबीर शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसाच्या रबरी आवरणाच्या गोळीने मरण पावली. संघटनेतील माजी इस्रायली सैनिकांनी तिच्या शाळेत तिच्या नावाने क्रीडांगण बांधायला हात लावला. रामी आणि बस्साम तेव्हापासून शाळाशाळांतून एकत्र बोलत आले आहेत. बस्साम यांनी सूड नाकारला, न्याय नाकारला नाही. ते खटला लढले आणि अबीरच्या मृत्यूची जबाबदारी राज्याची आहे असे न्यायालयाकडून वदवून घेतले.

याच मंडळाने इतिहासाचे वर्गही चालवले. एका दिवशी सगळे मिळून ज्यू-संहाराच्या स्मारकाला, याद वाशेमला जायचे. दुसऱ्या दिवशी १९४८ मध्ये ओस पडलेल्या एखाद्या पॅलेस्टिनी गावाच्या अवशेषांत. दोन्ही दुःखे एका तराजूत घालायची नाहीत, अशी तेथे ताकीद असते. फक्त पाहायचे, आणि जे पाहिले ते ऐकणाऱ्याला सांगायचे.

०

आता आक्षेपाकडे वळू. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पॅलेस्टिनी समाजात या साऱ्याला 'तत्बी' म्हणजे सामान्यीकरण असे नाव आहे आणि ते शिवीसारखे वापरले जाते. आक्षेप असा की, पानावर दोन रकाने सारख्या रुंदीचे आहेत, जमिनीवर नाहीत. एक बाजू परवाना देते, दुसरी परवान्यासाठी रांगेत उभी राहते. बैठक संपल्यावर एक जण घरी जातो आणि दुसरा नाक्यावर. अशा स्थितीत समान दुःखाची भाषा विषमतेवर पांघरूण घालते.

आम्हांला हा आक्षेप खरा वाटतो. किंबहुना ज्यांना तो खरा वाटला तेच गट टिकले. २००० साली निघालेल्या 'तायुश' या ज्यू-अरब गटाने चर्चेपेक्षा दक्षिण हेब्रॉनच्या डोंगरांतील मेंढपाळांसोबत प्रत्यक्ष रानात उभे राहणे पसंत केले. बिलीन गावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून जाणाऱ्या विभाजक भिंतीविरुद्ध २००५ पासून दर शुक्रवारी निदर्शने केली. त्यांत इस्रायली नागरिकही असत. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिंतीचा मार्ग बदलण्याचा आदेश दिला आणि २०११ मध्ये तो अमलात आला. काही शेते परत मिळाली, सगळी नाही. पण तेवढ्यापुरती रकान्याची रुंदी जमिनीवरही बदलली.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि अडीचशे ओलीस नेली गेली. मृतांत व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. ७४ वर्षांच्या या बाई बेएरी किबुत्समध्ये राहत; २०१४ च्या गाझा युद्धानंतर निघालेल्या 'विमेन वेज पीस' या संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी. तीनच दिवसांपूर्वी, ४ ऑक्टोबरला, त्यांच्या संघटनेने पॅलेस्टिनी भगिनी-संघटनेसह आयांची संयुक्त सभा भरवली होती. गाझातील रुग्णांना नाक्यावरून इस्रायली रुग्णालयांत आपल्या मोटारीने नेणारे ओदेद लिफ्शित्झ ओलीस गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचा मृतदेह परत आला. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या युद्धात गाझात मेलेल्यांचा आकडा तेथील आरोग्यखात्याच्या मोजणीनुसार ६० हजारांपलीकडे गेला आणि बहुतेक शाळा मोडल्या किंवा जमीनदोस्त झाल्या.

या प्रलयात शंभर वर्षांचे काम वाहून गेले असे म्हणणे सहज शक्य आहे. नोंदी थोडे वेगळे सांगतात. सिल्व्हर यांचा मुलगा योनातान याने आईचे काम हाती घेतले. माओझ इनोन यांचे आईवडील ७ ऑक्टोबरला मारले गेले. अझीझ अबू सारा यांचा भाऊ इस्रायली तुरुंगातून सुटल्यावर मार खाल्ल्याच्या जखमांनी दगावला होता. हे दोघे जोडीने फिरू लागले. शोकाकुलांची संयुक्त स्मृतिसभा २००६ पासून दर वर्षी होते. ती २०२४ मध्येही झाली आणि २०२५ मध्येही. २०२५ च्या एप्रिलमध्ये रानाना शहरातील एका सिनेगॉगमध्ये ती पडद्यावर दाखवली जात असताना जमावाने बाहेर पडणाऱ्यांवर हल्ला केला. हल्लेखोर ज्यू होते, मार खाणारेही ज्यू होते. फौजी अल-हुसैनींच्या आळीतील तो जुना शत्रू अजून तेथेच राहतो.

या माणसांनी शांतता आणली का? नाही. त्यांची संख्या एखाद्या निवडणुकीचे पारडे फिरवण्याइतकी कधीच नव्हती. त्यांच्या कामाचे माप वेगळे आहे असे आम्हांला वाटते. उद्या कधीतरी राज्यकर्ते थकतील, नकाशा काढायला बसतील, आणि त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याच्याच शब्दांत सांगू शकणारी माणसे दोन्हीकडे लागतील. ती एका रात्रीत तयार होत नाहीत. ती या घरांत, या वर्गांत, या शोकसभांत तयार झाली आहेत, आणि त्यांतील काही मारली गेली आहेत.

बेत जालाच्या पुस्तिकेतील मधला रकाना ज्या मुलांनी २००३ साली भरला किंवा रागाने रिकामा सोडला, ती आज चाळिशीकडे झुकली असतील. त्यांची मुले शाळेत जायच्या वयाची आहेत. त्यांच्यासमोर सध्या एकाच रकान्याची पुस्तके आहेत, आणि गाझात अनेकांसमोर तेवढीही नाहीत.